पिकअपच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग घरच्या घरी बदलताना

गाडी पन्नास-साठच्या पुढे गेली की खालून हूंऽऽ असा घुमल्यासारखा आवाज येतो. टेप मोठा केला की तो ऐकू येत नाही, म्हणून बहुतेक पिकअपवाले महिना-दोन महिने तसेच चालवतात. मग मोंढ्यातून परत येताना एक दिवस चाक गरम होतं, ग्रीस वितळून रिमवर उडतं आणि गाडी रस्त्याकडेला उभी राहते. तोपर्यंत बेअरिंगबरोबर स्टबही (चाक ज्या दांड्यावर फिरतं तो) गेलेला असतो. वेळीच उघडलं तर हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. हाताला सवय असेल तर दारात करता येतं.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या, पुढच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात) दोन सुटी टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरची, बेअरिंगं असलेल्या पिकअपसाठी हे लिहितो आहे. आतल्या बाजूला मोठं बेअरिंग, बाहेरच्या बाजूला लहान. काही नव्या गाड्यांत हब आणि बेअरिंग एकत्र, सीलबंद येतं. तसं असेल तर त्याला प्रेस लागतो किंवा अख्खा हबच बदलावा लागतो.

व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखी फोर बाय फोर गाडी असेल तर पुढेही डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) असतं आणि आवाज त्याच्या बेअरिंगचाही असू शकतो. ते काम मात्र दारात काढू नका. क्राउन-पिनियनच्या, म्हणजे त्यातल्या गिअरच्या जोडीच्या, दातांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शात बसवावी लागते, पिनियनचा ताण मोजावा लागतो, शिम बदलून दातांवरचा रंगाचा ठसा पाहावा लागतो. डायल गेज नसताना ते जुळवायला गेलात तर बेअरिंगच्या पैशात क्राउन-पिनियनचा खर्च अंगावर येईल. घरी करायचंच असेल तर ड्रेन प्लग काढून ऑइल बघा. चुंबकावर करडी पेस्ट थोडीफार असतेच, पण चकचकीत तुकडे दिसले तर गाडी सरळ वर्कशॉपला न्या.

आधी आवाज कुठला ते ठरवा

डिफरन्शियलचा आवाज ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर बदलतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज फक्त वेगाबरोबर बदलतो, गाडी न्यूट्रल करून नुसती घरंगळू दिली तरी तसाच राहतो. टायर खडबडीत झिजलं असेल तर तेही घुमतं, पण डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आलात की त्याचा सूर लगेच पालटतो. बेअरिंगचा पालटत नाही.

कोणत्या बाजूचं, हे मोकळ्या रस्त्यावर हलकं डावी-उजवीकडे वळवून कळतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, पण पुढचा सगळा सांगाडा आवाज वाहून नेतो म्हणून एवढ्यावर विसंबून दुकान गाठू नका.

पुढचं चाक उचला. एक हात वर, एक खाली धरून चाक आत-बाहेर हलवा. खटखट वाजलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. तो बेअरिंगचाच आहे की किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा (चाक वळतं त्या सांध्यांचा), हे बघायला घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर दुखणं दुसरीकडे. हात डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच खटखट येत असेल तर आधी टाय रॉडचे एंड बघा. शेवटी एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक हाताने जोरात फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी तळहाताला कळते.

बेअरिंग मरतं कशानं

आपल्याकडे बेअरिंग वयानं फार कमी वेळा जातं. पाणी आणि काळी माती त्याचा जीव घेते. मोंढ्यातून गाडी भरून निघाली, घाटात ब्रेक दाबून दाबून हब तापला आणि लगेच ओढ्याच्या पाण्यात उतरला, की आतली हवा गार होऊन आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढते. वरून काहीच दिसत नाही. पाणी ग्रीसमध्ये मिसळून ते दुधट होतं आणि गाडी चार दिवस उभी राहिली की रोलर जिथे टेकलेले असतात तिथेच रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर) गंजाच्या रेघा उठतात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात ज्यांच्या गाड्या हब बुडेपर्यंत पाण्यात उभ्या होत्या, त्यांनी आवाज येण्याची वाट पाहू नये. तेव्हापासून हब उघडला नसेल तर आता उघडावा.

दुसरं कारण चुकीचं कसणं. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे, कारण या कामातली खरी मेख तिथेच आहे.

सामान

जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), व्हील पाना, सॉकेट सेट, पक्कड, हातोडा, पितळी किंवा मऊ लोखंडाची ड्रिफ्ट (ठोकायची दांडी), मजबूत तार, डिझेल, स्वच्छ चिंध्या, पॉलिश पेपर. जमलं तर टॉर्क पाना. डोळ्यांना चष्मा हवाच. बेअरिंगचं पोलाद इतकं कडक असतं की हातोड्याखाली त्याची ठिकरी उडते.

विकत घ्यायचं: आतलं आणि बाहेरचं बेअरिंग रेससकट, हब सील, नवी स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी, टोकं दुमडायची पिन), ग्रीस. सील काढताना ते बहुधा वाकतंच, म्हणून जुनं परत बसवायचा विचार सोडा. बेअरिंगच्या मानानं सीलचे पैसे काहीच नाहीत.

दुकानात नुसतं मॉडेल सांगू नका. जमलं तर जुनं बेअरिंग काढून, पुसून, त्यावरचा नंबर घेऊन जा. मेट्रिक टेपर बेअरिंगचा नंबर ३०२०५ किंवा ३२००८ असा असतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास निघतो: ०५ म्हणजे २५ मिलिमीटर, ०८ म्हणजे ४०. इंची बेअरिंगमध्ये रोलरच्या भागाचा नंबर वेगळा आणि बाहेरच्या रेसचा वेगळा, जसं एलएम ६७०४८ ला एलएम ६७०१०. दोन्ही नंबर लिहून न्या.

आपल्या जालन्यात आणि वाळूजला एनआरबीचे बेअरिंगचे कारखाने आहेत, तरी गावोगावच्या काउंटरवर नकली डब्यांतला माल फिरतोच. छापील नंबर पुसट, डब्याची छपाई तिरकी, आत तेलाचा कागद नाही, आणि किंमत सगळीकडच्यापेक्षा बरीच कमी, असं दिसलं तर दुसरं दुकान बघा.

ग्रीसच्या बाबतीत काटकसर नको. चेसीसच्या निपलला मारतो ते साधं कॅल्शियम ग्रीस १०० अंशांच्या आसपास पातळ होऊन गळतं. लिथियमचं सुमारे १८० पर्यंत टिकतं, लिथियम कॉम्प्लेक्सचं त्याहून बरंच वर. डिस्क ब्रेकशेजारच्या हबला व्हील बेअरिंगचं म्हणून मिळणारं लिथियम कॉम्प्लेक्सच वापरा. जुन्या ग्रीसमध्ये नवं मिसळू नका.

उघडणं

जागा फरशीची किंवा काँक्रीटची घ्या. काळ्या रानात जॅक लावाल तर वरून कडक दिसणारी माती भार आला की बसते. अंगणच तसलं असेल तर जॅकखाली आणि घोडीखाली जाड सागवानी फळी टाका. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग उचला. घोडी चेसीसखाली लावून गाडी एकदा हलवून बघा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका, एक मिनिटासाठीसुद्धा. काढलेलं चाक चेसीसखाली आडवं सारून ठेवा, घोडी सरकली तर तेवढा आधार राहतो.

कॅलिपरचे (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट काढून तो तारेनं वर बांधा. ब्रेकच्या होसवर लोंबकळत ठेवला तर नळीला आतून चीर जाते, आणि ती पुढच्या उतारावर कळते. ब्रेकची धूळ फुंकरीनं किंवा हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. चाकाला एबीएसचा सेन्सर असेल तर त्याची वायर आधी मोकळी करून बाजूला घ्या.

हबच्या तोंडावरची ग्रीस कॅप छिन्नीनं कडेकडेनं टोचत सैल करा. आत कॅसल नट (कडेला खाचा असलेला) आणि स्प्लिट पिन दिसेल. काही गाड्यांत त्याऐवजी दोन नट आणि मध्ये जिभल्या दुमडलेला लॉक वॉशर असतो. पिन सरळ करून ओढा, नट काढा. हब थोडा पुढे ओढून परत मागे ढकलला की वॉशर आणि बाहेरचं बेअरिंग अलगद पुढे येतं. ते हातात घ्या, जमिनीवर पडू देऊ नका. मग डिस्कसकट हब सरळ ओढा. वजन बरंच असतं.

इथे थांबून नीट बघा

बरेच मिस्त्री जुनं बेअरिंग काढून थेट भंगारात टाकतात. धुऊन उजेडात धरलं तर ते का गेलं ते दिसतं, आणि ते न बघता नवं बसवलं तर तेही त्याच वाटेनं जातं.

रेसवर बारीक खड्डे पडून कपच्या उडाल्या असतील तर भार आणि वय. रोलरच्या अंतराअंतरावर तपकिरी रेघा असतील तर पाणी, म्हणजे सील आणि सील बसते ती स्टबची जागा बघायला हवी. त्याच अंतरावर गंज नसलेले दाबाचे ठसे असतील तर खड्ड्यात आपटलेलं चाक, किंवा मागच्या वेळी कुणीतरी हातोड्यानं ठोकून बसवलेलं बेअरिंग. निळसर-जांभळा रंग म्हणजे तापणं: नट जास्त कसला किंवा ग्रीस संपलं. रेसच्या एकाच बाजूला घासल्याची खूण दिसली तर रेस तिरकी बसली होती किंवा स्टब वाकला आहे.

स्टब पुसून बोट फिरवा. बेअरिंग बसतं तिथे हलकी चकाकी चालते, कारण कोन (बेअरिंगचं आतलं कडं) तिथे जरासा सरकतच असतो. नखाला अडेल असा चर किंवा निळा डाग असेल तर स्टब बदलायचा. वेल्डिंग भरून लेथवर उतरवून देणारे भेटतील, पण चाक ज्या एका दांड्यावर उभं आहे तिथे वेल्डिंग मला पटत नाही.

हबमधली रेस हातानं फिरत असेल तर हबची जागा मोठी झाली. यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे हबमध्ये पंचचे टोचे मारून रेस घट्ट करणं. टोच्यांच्या टोकांवर उभी असलेली रेस भाराखाली पुन्हा सैल होते. हब बदला.

रेस काढणं आणि बसवणं

हब उलटा करून आतलं सील उचकटा, मोठं बेअरिंग काढा. हबच्या आत रेसच्या मागे दोन ठिकाणी खाचा असतात. तिथे ड्रिफ्ट टेकवून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ठोका. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर रेस तिरकी होऊन अडकते आणि हबला ओरखडा जातो. निघाल्यावर हब डिझेलनं धुऊन कोरडा करा. रेसच्या बसण्याच्या जागेवर कचरा किंवा उठलेली धार राहिली तर पॉलिश पेपरनं साफ करा. पेट्रोलनं धुऊ नका, आणि धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेनं गरगरा फिरवू नका.

नव्या रेस प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. हब उन्हात ठेवा. एप्रिल-मेमधलं आपलं बेचाळीस अंशांचं ऊन इथे उपयोगी पडतं. एक आकसते, दुसरा पसरतो, आणि रेस निम्म्या ठोक्यांत बसते. पिशवी सांगायचं कारण असं की उघडी ठेवली तर बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं, आणि नव्या कोऱ्या रेसवर गंज नको.

रेसची जाड कड आत, उतार बाहेरच्या बाजूला तोंड करून. ठोकायला जुनीच रेस वापरा, पण आधी ग्राइंडरनं तिचा बाहेरचा व्यास जरा उतरवून घ्या, नाहीतर तीही आत अडकून बसेल. जुन्या रेसवर थेट हातोडा मारू नका, मध्ये लाकडाचा ठोकळा धरा. ठोकताना कान द्या. रेस जात असते तोवर ठोका बोदा वाजतो, तळाला टेकली की आवाज टणक होतो. तिथे थांबा. मग उजेडात रेसच्या मागे बघा, केसाएवढीही फट दिसायला नको. फट राहिली तर चार दिवसांत रेस आत बसेल आणि तुम्ही लावलेला प्ले बिघडेल.

ग्रीस

तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात आपटत ओढा, म्हणजे ग्रीस पिंजऱ्यातून घुसून वरच्या अरुंद बाजूनं रोलरांमधून बाहेर येईल. सगळीकडून बाहेर येईपर्यंत बेअरिंग फिरवत राहा. वरून चोपडलेलं ग्रीस दिसायला भरपूर असतं, पण रोलर आतून कोरडेच राहतात. हबच्या पोकळीत तिसरा हिस्सा ते निम्मं भरा. ठासून भरलं तर ग्रीस घुसळून तापतं आणि सील बाहेर ढकलतं. रेसच्या तोंडावर आणि सीलच्या ओठाला पातळ थर द्या.

मोठं बेअरिंग ठेवून सील सपाट लाकडानं समान बसवा, ओठ बेअरिंगकडे तोंड करून. डिस्कवर ग्रीसचा हात लागला असेल तर ब्रेक क्लीनरनं पुसा. हब स्टबवर चढवताना सरळ धरा. आटे सीलच्या ओठाला लागले तर ते तिथेच कापलं जातं.

कसणं

बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट. हब हातानं फिरवत राहून नट २५ ते ३० न्यूटन-मीटरवर कसा. टॉर्क पाना नसेल तर फूटभर पान्याच्या टोकाला नऊ-दहा किलोचा जोर. या ताणानं रोलर रेसमध्ये जागा धरतात. हा ताण ठेवायचा नाही. नट पूर्ण सैल करा, मग हब फिरवत नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत आणा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा किंवा काट्यानं ओढून मोजायचा ताण दिला असेल तर तोच खरा.

सर्वसाधारणपणे अशा हबमध्ये ०.०३ ते ०.१३ मिलिमीटर प्ले ठेवतात. आता हिशोब बघा. नटाला सहा खाचा आणि आट्याचं अंतर दीड मिलिमीटर असेल तर एक खाच म्हणजे पाव मिलिमीटर. एका खाचेत अख्खी मर्यादा ओलांडली जाते. काही स्टबमध्ये काटकोनात दोन भोकं असतात ती यासाठीच. तिथे टप्पा निम्मा होतो. पिनचं भोक जुळत नसेल तर पुढची खाच गाठायला कसू नका, मागच्या खाचेवर सैल करा. आणि सैल केल्यावर प्ले जास्त वाटला तर वॉशर काढून काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर किंचित घासा. दहावा हिस्सा मिलिमीटर कमी झाला की नट चोवीस अंश पुढे जातो आणि खाच बहुतेक जुळते.

“दादा, जरा टाइटच ठेवा, लोड असतो आपल्याला,” असं क्लीनर म्हणतोच. लोडचा आणि नट आवळण्याचा संबंध नाही. तापल्यावर हब आणि बेअरिंग पसरतात, आणि गार असताना शून्य प्ले ठेवला तर घाटात तो उणे होतो. त्यापेक्षा थोडं सैल बेअरिंग जास्त दिवस जगतं.

नवी पिन घालून टोकं दुमडा, कॅपमध्ये थोडंसंच ग्रीस, कॅप कडेकडेनं ठोकून बसवा. चेपलेली कॅप वापरू नका, तीच पाण्याची पहिली वाट. चाक लावून पुन्हा वर-खाली धरून हलवा: टायरच्या कडेला जाणवेल न जाणवेल इतकी हालचाल हवी. चाक सहज फिरावं आणि थांबताना झटका न देता थांबावं.

कॅलिपर बसवल्यावर गाडी चालू करण्याआधी पेडल चार-सहा वेळा दाबा. पिस्टन मागे गेलेला असतो आणि पहिलं पेडल रिकामं जातं. चाकाचे नट समोरासमोर आळीपाळीनं कसा.

नंतर

आधी रिकामी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा आणि ब्रेक शक्यतो न वापरता थांबवा. दोन्ही पुढच्या हबांजवळ हाताची पाठ न्या. नवं बेअरिंग किंचित कोमट असतं. दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर नट जास्त कसला गेला किंवा पॅड घासतो आहे. एखादं बरं इन्फ्रारेड थर्मामीटर (लांबून तापमान मोजणारं) असेल तर दोन्ही बाजूंचा फरक लगेच समजतो. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट एकदा कसा, आणि हबचा प्ले पुन्हा बघा. रेस पूर्ण टेकलेली नसेल तर ती एवढ्यात बसते आणि प्ले वाढलेला दिसतो. तसं झालं तर कॅप काढून पुन्हा जुळवा.

एका बाजूचं पाण्यानं गेलं असेल तर दुसरी बाजूही त्याच ओढ्यातून गेलेली असते. तिथलं बेअरिंग बदलायची गरज नसेलही, पण उघडून, धुऊन, नवं सील आणि ग्रीस घालून घ्या. पोळ्याच्या आधी एकदा आणि पाऊस उघडल्यावर, सोयाबीनची ने-आण सुरू व्हायच्या आधी एकदा कॅप काढून ग्रीसचा रंग बघितला तरी पुरे. दुधट दिसलं तर त्याच दिवशी हब खाली घ्या. जुनी, ग्राइंड केलेली रेस तेल लावून हत्यारांच्या पेटीत ठेवा, पुढच्या वेळी ठोकायला लागेल.